मांडवातला खालचा आवाज

मुरबाड, एस.टी. स्टँडच्या मागची खोली
९ नोव्हेंबर

रविना वहिनीस,

तुझ्या दिराचा नमस्कार. बाईजा आत्याच्या कानाशी जाऊन सांग, भगा पाया पडला. ती तुझी सासू झाली तरी आधी माझी आत्या आहे, त्यामुळं माझा नमस्कार तुझ्या चहाच्या आधी पोचला पाहिजे. मी बरा आहे. खोकला गेला. पांढरी शेळी व्याली का, तेवढं कळव.

तुझा निरोप विठूनं आणला. बाजाराच्या दिवशी त्याची जीप इथपर्यंत येते ते बरंय, पण त्या माणसाला निरोप हळू सांगता येत नाय. रसाच्या गाड्यापाशी उभा राहून लांबूनच म्हणाला, "भगा, तुझ्या शूटिंगात तोंड आत्याचं नि आवाज डीजेचा. असली कसली रे तुझी कला?" रसवाला हसला. मी पण हसलो.

तर आता नीट वाच, म्हणजे परत निरोप धाडायला नको. पाड्यावरच्या भाविकाच्या वैशाखातल्या लग्नाचा तो व्हिडिओ बिघडलेला नाय. तुमच्या टीव्हीला तो वाजवता येत नाय, एवढंच. एका व्हिडिओत दोन दोन आवाज भरलेले असतात. पेज कशी असते, वर निवळ आणि खाली शितं. टीव्ही म्हणजे आळशी माणूस. वरची निवळ पितो नि भांडं ठेवून देतो. वर डीजेचं गाणं आहे म्हणून तेच ऐकू येतं. आत्याचा आवाज खाली आहे. तो काढायला दुसरा प्लेयर लागतो.

जगनदादाचा फोन घे, बायकोला तो नाय म्हणणार नाय. वडाच्या टेपावर चढ, तिथं रेंजच्या दोन काड्या येतात. प्ले स्टोअरमध्ये इंग्रजीत व्ही, एल, सी अशी तीन अक्षरं टाक. रस्ता खोदला की जो केशरी शंकू ठेवतात, तसलं चित्र येईल. तोच घे. भलताच प्लेयर घेऊ नको. मी मागं एक घेतला होता, त्यानं जाहिरातींतून पत्त्यांचे डाव आणले आणि मी कामधंदा सोडून रमी खेळत बसलो. ते जाऊ दे. पेनड्राइव्ह फोनला जोडायची छोटी पिन विठूकडं आहे, तो जीपमधली गाणी तिच्यानंच भरतो. व्हिडिओ चालू झाला की मधोमध बोट टेकव. बोलण्याच्या फुग्यासारखं चित्र दिसेल, ते दाब. 'ऑडिओ ट्रॅक' असं येईल. त्यात दोन नंबरचा निवड.

दोन नंबर दिसला नाय तर कळव.

विठू म्हणाला, कोंडूकाकाच्या पोरीचं लग्न माघात धरलंय आणि धवलारीण म्हणून तुला बसवणार. मला आधी खरंच वाटेना. आत्यानं बामण लागू न देता नुसत्या गळ्यावर किती घरांची लग्नं लावली, आणि भादव्यात अंगावरून वारं गेलं तर पहिला गळाच गेला. गुणाबाई आहे म्हणा जोडीला, पण ती मागून ओढणारी. पुढचा शब्द कोणी टाकल्याशिवाय तिचं तोंड उघडत नाय, हे अख्ख्या पाड्याला माहीत. तुला बाकीचं सगळं येतं, फक्त देव बोलवायचं मोठं गाणं येत नाय, कारण आत्यानं ते घरात कधी म्हटलंच नाय. मांडवाबाहेर ते तोंडात घ्यायचं नसतं. म्हणजे तुला तो व्हिडिओच लागणार. ते मला कळतं.

टीव्ही लावायच्या आधी तुम्ही पुढ्यात उंबराची डहाळी रोवता, हे पण विठूनं सांगितलं. डहाळी रोवली की मांडव झाला, अशी आत्याची खूण म्हणे. तो हसत होता. मला हसू आलं नाय, का कुणास ठाऊक.

स्टुडिओतलं काम मी सोडायच्या विचारात आहे. एका जागी बसून माझे पाय आंबतात. नवा पत्ता झाला की लिहीन.

घाईत,
भगीरथ शूटिंगवाला


तानसा, धरणाच्या अलीकडचं रिसॉर्ट
२ डिसेंबर

वहिनी,

तुला नि आत्याला नमस्कार. पत्ता बदललाय, वर बघ. मधे थोडे दिवस सरळगावच्या बाजूला एका पोल्ट्रीवर होतो, पण तिथला वास अंगातून जाईना. इथं काम बरं आहे. कॅरमवर पावडर टाकायची, पाहुण्यांचे फोटो काढून द्यायचे, बदकांना खायला घालायचं. त्यातलं एक बदक लोकांच्या चपला ओढून पाण्यात नेतं. मॅनेजर म्हणतो, त्याला मीच शिकवलंय. रिसेप्शनवरचा माणूस जेवायला गेला की कॉम्प्युटरपण माझ्याकडंच असतो.

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आणि दहावीला आपण दोघं सारखेच नापास.

तू लिहिलंस, शंकूवाला प्लेयर टाकला, फुगा दाबला, तर नुसतं 'ट्रॅक १' आणि 'डिसेबल' एवढंच दिसतं. डिसेबल दाबलं तर डीजे गेला आणि सगळंच मुकं झालं. टीव्हीवर जशी दिसायची तशी आत्या त्यात तोंड हलवत होती, आणि खरी आत्या बाजेवर बसून बघत होती. ते मी दोनदा वाचलं नि पत्राची घडी घातली.

असं होतं कधी कधी. फोनमधला प्लेयर लहान असतो, त्याला खालचं दिसत नाय. कॉम्प्युटरवरचा मोठा. तू असं कर, पेनड्राइव्ह घेऊन शहापूरला जा. स्टेशनकडं वळताना मोबाइलवाल्यांची दुकानं आहेत, कोणालाही सांग की दुसऱ्या प्लेयरमध्ये लावून बघा, कोडेकचा प्रॉब्लेम असेल. कोडेक हा शब्द नक्की वापर. म्हणजे काय ते मला पण धड माहीत नाय, पण तो टाकला की दुकानदार आपल्याशी नीट बोलतात.

डीजेचं गाणं घातलं कोणी, असं विचारलंस. स्टुडिओत सगळ्याच लग्नांवर गाणी घालतात. प्रणय सरांची पद्धत आहे ती. मी तिथं हाताखालचा माणूस, मला कोण विचारतंय?

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "भावजी, एकच सांगा. त्यात आयचा आवाज हाये ना?"

आहे. असणारच. जाईल कुठं?

जगनदादाला एक विचार, त्याला आठवत असेल. माझी आई गेल्यावर आत्या मला पाठीशी बांधून लग्नांना न्यायची. घरात मी रात्रभर रडायचो म्हणे, आणि मांडवात ती गायला लागली की तिच्या पाठीवरच झोपायचो. पाठीतून गाणं ऐकू यायचं, कानातून नाय. पण ते संपायच्या आत माझी झोप लागलेली असायची, म्हणून मला ते अर्धंच ठाऊक. नायतर मीच तुला शिकवलं असतं आणि हे प्लेयरबियर काही लागलंच नसतं.

हे कुठं सांगत बसलो. बदकं ओरडतायत.

भगा


तानसा
२८ डिसेंबर

वहिनी,

नमस्कार ह्या वेळी शेवटी लिहितो. तिथपर्यंत वाचून तुला तो घ्यावासा वाटला तर घे.

परवा विठू पाहुणे घेऊन इथं आला होता. त्यानं शहापूरचं सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच त्याला हळू बोलताना ऐकलं. आत्या स्वतः हट्टानं जीपमध्ये बसली म्हणाला. भाविकाच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, पिशवीत उंबराची डहाळी घेऊन. दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं कोडेकबिडेक बघितलं, प्लेयर बदलून बदलून लावले, आणि शेवटी आवाज नीट ऐकू यावा म्हणून दुकानाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या टीव्हीला जोडून दिलं. डहाळी रोवायला तिथं माती नव्हती, तर आत्यानं ती चालत्या हातात उभी धरली. मग डीजे वाजला. बाहेर कॉलेजची पोरं उभी होती, त्यातली दोघं नाचायला लागली. टीव्हीत आत्याचं तोंड त्या गाण्यावर हलत होतं. विठू म्हणाला, आत्यानं डहाळी मांडीवर ठेवली आणि त्याच हातानं स्वतःचं तोंड झाकलं.

तिथं तुम्हाला मी पाठवलं होतं. कोडेक हा शब्द शिकवून.

आता सरळ लिहितो. शंकूवाला लाव, दुसरा कुठला लाव, कॉम्प्युटर घे नायतर थेटरात लाव, त्या व्हिडिओतून आत्याचा आवाज येणार नाय. पेज नि शितं मी रचून सांगितली. त्यात एकच आवाज आहे आणि तो डीजेचा आहे. आत्याचा मी पुसला. सरांनी नाय. सर तर एडिटिंगच्या वेळी कानावरचा हेडफोन काढून म्हणाले होते, "हे असंच राहू दे रे, असलं आता ऐकायला मिळत नाही." मीच म्हटलं, "नको सर, लग्नवाल्या पार्टीला गावठी वाटेल." मूळ कार्डावर मग दुसरं लग्न भरलं.

एवढं लिहून मी बदकांकडं जाऊन आलो. उरलेलं लिहितो.

सरांना मी आपला पाडा सांगितलाच नव्हता. आमचं घर मुरबाडात, वडील सरकारी नोकरीत होते, असं सांगून कामाला लागलो होतो. मग नेमकं भाविकाच्या लग्नाचं शूटिंग आलं. गाडी पाड्यावर चढली तशी सगळी भगा भगा करत आली, तर मी सरांना म्हटलं, मागं इथं एका लग्नाला आलो होतो, तेव्हाची ओळख. तू मला पाण्याचा तांब्या दिलास आणि मी तुला "थँक्यू ताई" म्हणालो. तू खूप हसलीस. तुला वाटलं, मी चेष्टा करतोय.

आता ह्या पाकिटातल्या छोट्या कार्डाबद्दल. ते हरवू नको.

त्या दिवशी मांडवाच्या मेढीजवळ सरांनी एक जुना कॅमेरा स्टँडवर लावायला सांगितला होता. मी लावला, चालू केला आणि पुढचं झाकण काढायचंच विसरलो. बॅटरी संपेपर्यंत त्यानं काळोखाचं शूटिंग केलं. सर रागावतील म्हणून मी ते कार्ड खिशात घातलं आणि कॅमेरा चालूच झाला नाय असं सांगितलं. मागाहून गुपचूप लावून बघितलं होतं, तर 'फाइल उघडता येत नाही' असं आलं. बॅटरी मधेच गेली की फाइल मिटत नाय, अर्धवट राहते. मी समजलो, मेली. कार्ड माझ्या साबणाच्या डबीत पडून होतं. मुरबाड, पोल्ट्री, तानसा, सगळीकडं फिरलं.

विठू गेल्यावर ते मी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला लावलं. दुपारची वेळ, पाहुणे तलावाकडं गेलेले. कॉम्प्युटरचा स्वतःचा प्लेयर नाय म्हणाला. दुसरा घेतला, तो उघडला आणि लगेच मिटला. मग शंकूवाला घेतला, ज्याचं नाव मी तुला थापा मारायला वापरलं तोच. त्यानं विचारलं, फाइल मोडकी आहे, तशीच वाजवू का. मी हो दाबलं. पडदा काळा. थोडा वेळ नुसती खरखर. मग गुणाबाईचा खोकला, आणि आत्या.

मी थांबवलं. बाहेर गेलो, ओढ्याकाठच्या उंबराची डहाळी आणली आणि की-बोर्डाशी उभी केली. मॅनेजर म्हणाला, "काय रे, आज कसली पूजा?" मी म्हटलं, "मांडव आहे." तो माझ्याकडं बघत गेला. मग पुढं ऐकलं.

अख्खं गाणं आहे, वहिनी. धरतरी, कणसरी, हिरवा, मग डोंगर एकेक करून, मग पाणी. शेवटी सगळ्या देवांना मांडवात बसवून ती थांबते तिथपर्यंत. मी जन्मात पहिल्यांदा ते जागेपणी शेवटपर्यंत ऐकलं.

पण त्यात मी पण आहे.

डोंगर संपून पाण्याची नावं लागतात, तिथं सरांचा आवाज येतो. आम्ही स्टँडला टेकूनच उभे होतो. सर विचारतात, "ती गाणारी बाई सारखी तुझ्याकडं बघून हसतेय. तुझी कोण लागते का रे?"

आणि मी म्हणतो, "नाय ओ सर. कोण नाय. ही माणसं कोणाकडं बघून पण हसतात."

जसं आहे तसं लिहिलंय. मी ते इतक्या वेळा ऐकलं की आता माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटतो. पण माझाच आहे.

त्यानंतर आत्या थांबते. गुणाबाई तिचा मागचा शब्द ओढत राहते, पुढचा येत नाय म्हणून तोच परत घेते, परत घेते. मला वाटलं, फाइल अडकली. प्लेयरला शिव्या दिल्या, मागं नेऊन परत लावलं. तिथंच परत तसंच. फाइल अडकली नव्हती, वहिनी. आत्या स्टँडपासून दोन हातांवर बसली होती.

मग ती गाते. मांडवात उभ्या असलेल्या माणसाचं नाव मधे गुंफायची तिची रीत होती, तुला माहीत आहे. तिनं त्या जागी हे घातलं:

मांडवाच्या मेढीशी कोण उभा गो,
माझा भाचा भगीरथ उभा गो,
त्याच्या हातान उजेड गो.

आणि तशीच पुढं पाण्याकडं गेली. एका शब्दाला पण आवाज थरथरला नाय तिचा. तेव्हा मी काय करत होतो मला आठवत नाय. एका हातात शूटिंगचा लाइट असणार, दुसऱ्या हातात बहुतेक मोबाइल बघत असेन.

तुझ्याशी आता खोटं नको, म्हणून हे पण लिहितो. मी तो तुकडा कापायला बसलो होतो. मला येतं ते, मी शिकलोय ते. माझं बोलणं काढायचं, आत्याचं थांबणं काढायचं, जोड दिसणार नाय. सगळं लावून झालं होतं. मग कान देऊन ऐकलं, तर मी बोलतो तेव्हा खाली ती भातसा, काळू, शाई अशी नद्यांची नावं घेत असते. माझं "कोण नाय" बरोबर शाईच्या नावावर पडलंय. ते कापलं तर शाई जाते. तुझ्या गाण्यात एक नदी कमी होईल, आणि ती का नाय हे पुढं कोणालाच कळणार नाय.

म्हणजे खालचा आवाज खरंच आहे, वहिनी. माझ्या आवाजाच्या खाली आहे.

म्हणून काही न कापता पाठवलंय. नुसत्या आवाजाची साधी फाइल करून दिलीय, ती कुठल्याही फोनवर वाजेल. ह्यावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाय. आधी विठूच्या जीपमध्ये लावून बघ हवं तर. नको, जीपमध्ये नको. घरी डहाळी रोव, आत्याला शेजारी बसव आणि लाव. पाण्याची नावं आली की कान माझ्याकडं देऊ नको, तिच्याकडं दे. शाईचं नाव पुसट आहे, पण आहे. नाय लागलं तर परत मागं नेऊन ऐक. मी जितक्या वेळा ते बोलेन तितक्या वेळा मला बोलू दे.

जगनदादाला ऐकवायचं की नाय, तू बघ. ऐकवलंस तर तो मला मारेल. मारू दे.

आत्याला आधी काही समजावून सांगू नको. तिला माहीत आहे. वैशाखापासून माहीत आहे, आणि त्या दिवशी निघताना तिनं माझ्या बॅगेत नाचणीच्या भाकऱ्या घातल्या, त्या मी सरांना म्हटलं, लग्नघरच्यांनी दिल्या.

माघात मी येईन म्हणतो. कॅमेरा आणणार नाय. भगा भगा केलं तर ओ देईन. तू पहिल्यांदा पुढं होऊन गाशील तेव्हा मी मेढीपाशी उभा राहीन, तिथं उभ्या असलेल्या कोणाचं तरी नाव तुला घ्यावं लागेल. माझं घ्यायचं की नाय, ते आत्याला विचार. ती मान हलवेल तसं गा. नाय म्हणाली तर मी बाहेर जाऊन जेवणाची भांडी घासेन, माझं काही म्हणणं नाय.

नमस्कार राहिला होता. तो तुला. आणि आत्याच्या कानाशी जाऊन ह्या वेळी भगा पाया पडला असं सांगू नको. खाली जशी सही केलीय, तसंच वाचून दाखव, आणि मोठ्यानं वाच.

बाईजा आत्याचा भाचा,
भगीरथ